एमआरआयचं भांडण आणि रिपोर्टातली सातवी ओळ

नमस्कार मॅडम,

माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या डाव्या छातीत गाठ लागली. त्यांचं वय 48. आधी मॅमोग्राफी झाली, मग सोनोग्राफी, मग सुईने तुकडा काढला. कॅन्सर निघाला. सर्जन म्हणतात, सगळा स्तन काढायची गरज बहुतेक पडणार नाही, गाठ तेवढी काढू. पण त्याआधी एमआरआय करून घ्या. माझे धाकटे दीर हिंजवडीला आयटीत आहेत. त्यांनी नेटवर वाचून सांगितलं की एमआरआयने काही फरक पडत नाही, हा सगळा कटचा, म्हणजे डॉक्टरांच्या कमिशनचा मामला आहे. चुलत नणंद म्हणते एमआरआय कशाला, डायरेक्ट पेट स्कॅन करा, डोक्यापासून पायापर्यंत काय ते एकदाच कळेल. सासूबाईंच्या मनात बसलंय की सुई टोचली म्हणूनच आता ते पसरणार. आणि जाऊबाई स्वतः म्हणतात, "एवढ्या तपासण्या कशाला, काढूनच टाका, डोक्याला ताप नको." सगळे रिपोर्ट सोबत जोडलेत. सोमवारी सर्जनना उत्तर द्यायचं आहे. मी हे पत्र लिहितेय हे जाऊबाईंना माहीत नाही.

एक वाचक, धायरी

---

धायरीच्या ताई,

पत्र वाचलं आणि रिपोर्ट उघडले. घरातली सगळी माणसं एमआरआयवरून भांडताहेत, पण मॅमोग्राफीच्या रिपोर्टातली सातवी ओळ कुणी वाचलेली दिसत नाही. त्या ओळीचा अर्थ असा: गाठेपासून निपलच्या दिशेने सुमारे चार सेंटिमीटरपर्यंत कॅल्शियमचे बारीक, वेडेवाकडे कण पसरलेले आहेत, मॅग्निफिकेशन व्ह्यू घ्यावा. पुढच्या कागदांत तो व्ह्यू कुठेच नाही. एकतर तो झालाच नाही, किंवा झाला आणि तुमच्या फाइलीत आला नाही. सोमवारी सर्जनच्या टेबलावर सगळ्यात आधी ही ओळ ठेवा. एमआरआयचं नंतर बघू.

एक सांगून ठेवते. मी तुमचे कागद पाहिलेत, फिल्म पाहिलेल्या नाहीत. तीसेक वर्षं या शहरात मॅमोग्राफीच्या फिल्म वाचण्यात गेली, तेव्हा नुसत्या कागदावरून छातीठोक बोलणाऱ्यांचं काय होतं ते मला ठाऊक आहे. खाली लिहिते ते सर्जनना विचारायचे प्रश्न समजून वाचा.

कॅन्सर आहे का, हा प्रश्न सुईने मिटवला. आता यापुढे जे फोटो काढायचे ते सर्जनच्या नकाशासाठी. गाठ केवढी आहे, एकच आहे की आसपास आणखी पिल्लं आहेत, निपलपासून, कातडीपासून आणि मागच्या स्नायूपासून ती किती लांब आहे, काखेत काय आहे, दुसरी बाजू स्वच्छ आहे का. हे सगळं ऑपरेशनच्या आधी जितकं कळेल तितकं टेबलावर कमी चाचपडावं लागतं. रिपोर्टात "2 वाजता, निपलपासून 5 सें.मी." असं लिहिलंय ती तपासणीची वेळ नाही बरं का. हे अनेकदा विचारलं जातं म्हणून सांगते. स्तन म्हणजे समोर टांगलेलं घड्याळ समजायचं. डाव्या बाजूला 2 वाजता म्हणजे वरचा, काखेकडचा भाग.

आता ते कण. मॅमोग्राफीत ते मिठाच्या चिमटीसारखे दिसतात. पुष्कळ बायकांना असतात आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. पण आकार एकसारखा नसेल आणि ते विखुरलेले नसून एका नळीच्या वाटेने रांगेत चालले असतील, तर शंका घ्यावी लागते. स्तनातल्या दुधाच्या नळ्या सगळ्या निपलकडे जातात. कॅन्सर कधीकधी नळीच्या आतल्या आतच, भिंत न फोडता, लांबवर सरकत गेलेला असतो. तो हाताला लागत नाही, सोनोग्राफीत बऱ्याचदा दिसत नाही. दिसतो तो या कणांच्या रूपाने. तुमच्या जाऊबाईंची गाठ 22 मिलिमीटरची आहे. ती तेवढीच असेल तर सर्जन म्हणतात तसं गाठ आणि भोवतालची थोडी चांगली कड काढून काम होईल. पण निपलकडची चार सेंटिमीटरची वाटही बाधित असेल, तर काढायचा भाग सहा सेंटिमीटरच्या वर जातो, आणि ते निराळं ऑपरेशन आहे. मग स्तनाचा आकार जमवून घेणारी शस्त्रक्रिया जमेल का, की सगळाच काढावा लागेल, हे आधीच बोलावं लागतं. गाठ काढून झाल्यावर दहा दिवसांनी पॅथॉलॉजीचा कागद आला आणि त्यावर "कडेला शिल्लक आहे" असं असलं, की पुन्हा भूल, पुन्हा टाके, पुन्हा घरातली भांडणं.

मॅग्निफिकेशन व्ह्यू म्हणजे त्याच मशीनवर त्या भागाचा मोठा करून काढलेला फोटो. पंधरा मिनिटांचं काम. त्यातही शंका राहिली तर एक्स-रेच्या मदतीने नेम धरून तिथला तुकडा काढतात, त्याला स्टिरिओटॅक्टिक बायोप्सी म्हणतात. काढलेल्या तुकड्यांचाही लगेच एक्स-रे घेतात, कण खरंच त्यांत आलेत का ते पाहायला. जाताजाता जाऊबाईंना एक विचारा: मॅमोग्राफीच्या दिवशी काखेत पावडर लावली होती का? पावडरचे कण फिल्मवर थेट कॅल्शियमसारखे दिसतात. उमेदवारीच्या काळात मी एका बाईंना अशाच कणांवरून रात्रभर जागवलं होतं. दुसऱ्या दिवशी आमच्या टेक्निशियन ताईंनी ओला बोळा फिरवून फोटो परत काढला आणि "कॅन्सर" पुसला गेला. तुमच्या केसमध्ये कण निपलकडे आहेत, तेव्हा पावडरची शक्यता कमी. पण विचारायला पैसे पडत नाहीत.

एमआरआयला कॅल्शियम दिसत नाही, हे तुमच्या दिरांनाही सांगा. एमआरआय रक्तपुरवठा पाहतो: शिरेतून औषध सोडायचं आणि कुठला भाग ते चटकन पितो ते बघायचं. नळीतला कॅन्सर त्यात अनेकदा दिसतो, पण कणांचा प्रश्न कणांच्या जागीच सुटला पाहिजे.

दीर बोलले त्यात निम्मं खरं आहे, आणि त्यांनी काय वाचलं असेल त्याचा मला अंदाज आहे. ब्रिटनमध्ये 45 हॉस्पिटलांमधल्या 1,623 बायकांवर मोठा अभ्यास झाला, 2010 साली छापून आला. निम्म्यांना ऑपरेशनआधी एमआरआय, निम्म्यांना नाही. पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच निघालं, 19 टक्के. म्हणजे सरसकट प्रत्येकीला एमआरआय करून काही साधत नाही. मीही हेच म्हणते. पण स्वीडनमधून 2014 साली आलेला अभ्यास 56 वर्षांखालच्या बायकांपुरता होता आणि तिथे एमआरआय झालेल्या गटात दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागलं ते 5 टक्क्यांना, न झालेल्या गटात 15 टक्क्यांना. तरुण बायकांच्या स्तनात चरबी कमी आणि ग्रंथींचं दाट जाळं जास्त असतं. मॅमोग्राफीत ते जाळंही पांढरं आणि गाठही पांढरी. धुक्यात पांढरी गाय शोधायची. जाऊबाईंच्या रिपोर्टात घनता "सी" लिहिली आहे, म्हणजे दाट. शिवाय सर्जनच्या केसपेपरवर हाताला लागलेली गाठ साडेतीन सेंटिमीटर आणि सोनोग्राफीत सव्वादोन. हात आणि मशीन यांत एवढी तफावत असली, की तिसऱ्याला विचारण्यात अर्थ असतो.

म्हणून माझं मत: मॅग्निफिकेशन आणि लागली तर त्या जागेची बायोप्सी आधी, आणि गाठच काढायचं घाटत असेल तर एमआरआयही करावा. मात्र तो करताना एक अट घालून घ्या. एमआरआयचा हात सढळ आहे. तो दाखवायला लागला की जरा जास्तच दाखवतो. वेगवेगळ्या अभ्यासांची गोळाबेरीज केली तर शंभरातल्या सोळा बायकांमध्ये त्याला आणखी काहीतरी दिसतं, आणि त्यातल्या साधारण एक तृतीयांश जणींत ते कॅन्सर नसतंच. एमआरआयच्या रिपोर्टात दुसरा ठिपका आला, घरातले घाबरले, आणि "नकोच ती जोखीम" म्हणत सगळा स्तन काढून टाकला; पॅथॉलॉजीत त्या जागी काहीच निघालं नाही. हे मी पाहिलंय, आणि एकदाच नाही. तेव्हा अट ही: नव्या ठिपक्यावर सुई टोचून खात्री झाल्याशिवाय ऑपरेशन मोठं करायचं नाही. ठिपका दिसला की आम्ही त्याच जागी पुन्हा सोनोग्राफी करतो, आता कुठे बघायचं ते माहीत असतं म्हणून पुष्कळदा सापडतो आणि साध्या सोनोग्राफीखाली सुई घालता येते. सोनोग्राफीत नाहीच सापडला तर एमआरआयमध्येच बायोप्सी करायची सोय लागते, आणि ती सगळीकडे नसते. एमआरआय जिथे करायचाय तिथे हे आधी फोन करून विचारा. सर्जनचं आणि त्या सेंटरचं बोलणं होतं का, हेही.

आणखी एक बारकी गोष्ट, जी रिपोर्टात कधी लिहिलेली नसते. एमआरआयमध्ये बाईला पालथं झोपवतात, स्तन खाली सोडलेले असतात. ऑपरेशनला ती उताणी असते, हात बाजूला पसरलेला. दोन्ही वेळा गाठेची जागा बघता बघता बदलते. सोनोग्राफीत मात्र बाई ऑपरेशनसारखीच झोपलेली असते, म्हणून एवढी महागडी यंत्रं आली तरी शेवटी कातडीवर पेनाने खूण करायला आम्ही सोनोग्राफीचाच प्रोब हातात घेतो.

कटचं काय? कट चालतो. ते नाकारून मी स्वतःच्याच पांढऱ्या केसांची थट्टा कशाला करू? पण कट खाणारा डॉक्टरसुद्धा कधीकधी योग्य तपासणी लिहितो आणि सज्जन डॉक्टरही अनावश्यक लिहितो, त्यामुळे माणूस ओळखून तपासणी ओळखता येत नाही. सर्जनना सरळ विचारा: "एमआरआयमध्ये आणखी काही निघालं तर तुम्ही काय वेगळं करणार, आणि काही नाही निघालं तर काय?" दोन उत्तरं वेगळी आली तर तपासणी कामाची आहे. "काही असो, आपण तेच करणार" असं आलं, तर नम्रपणे म्हणा, मग राहू द्या. हा प्रश्न विचारल्यावर चिडणारे सर्जन मी फारच थोडे पाहिलेत. चिडले तर तीही माहितीच.

पेट स्कॅनला हाच प्रश्न लावून बघा. चुलत नणंदेची भावना समजते. एकदाच काय ते कळू दे. पण गाठ लहान, काखेत फारसं काही नाही, अंगात दुसरं लक्षण नाही, अशा वेळी पेट स्कॅनमध्ये दूर कुठे कॅन्सर सापडण्याची शक्यता अगदी कमी असते, आणि भलतंच काहीतरी चमकण्याची मात्र चांगलीच. आपल्याकडे तर जुनी टीबीची गाठ छातीत बसलेली असते, तीही पेटमध्ये दिव्यासारखी उजळते. मग तिच्यामागे सीटी, आणखी एक सुई, पंधरा दिवस. काखेत कॅन्सर निघाला, गाठ मोठी ठरली, हाडं दुखतात, यकृताच्या रक्ततपासण्या बिघडल्या, तर सर्जन स्वतःच पेट किंवा सीटी आणि बोन स्कॅन सांगतील. तोवर नणंदेला थांबवा.

सासूबाईंना सांगा, सुईने पसरत नाही. सुईवाचून ऑपरेशन केलं तर काय काढतोय हेच माहीत नसतं. आणि मशीनच्या प्लेटांत दाबल्यानेही ते पसरत नाही. त्यांना हे नातवाने सांगितलं तर पटेल, सुनेने सांगितलं तर पटायचं नाही, असं आपलं मला वाटतं.

आता काख. सोनोग्राफीत डाव्या काखेत एक लसीकाग्रंथीची गाठ आहे आणि तिच्या सालीची जाडी 4 मिलिमीटर लिहिलीय. निरोगी गाठेची साल पातळ असते आणि मधोमध चरबीचा पांढरा गाभा दिसतो. 3 मिलिमीटरच्या वर साल गेली की आम्ही भुवई उंचावतो. हाताला फोड झाला तरी काखेत अवधाण येतं, तेव्हा ही कॅन्सरचीच असेल असं नाही. पण सुई घालून बघितली पाहिजे आणि ती घातल्याचं तुमच्या कागदांत नाही. काख स्वच्छ असेल तर ऑपरेशनमध्ये निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचून पहिल्या एक-दोन गाठीच काढून तपासतात. बाधित निघाली तर गणित बदलतं. काखेतल्या सगळ्या गाठी काढल्या की पुढे हात सुजण्याची भीती असते, पिठाची पिशवी उचलायची चोरी होते. म्हणून ही एवढीशी सुई फार मोलाची.

बायोप्सीवरचा रिसेप्टरचा रिपोर्ट, म्हणजे कॅन्सरच्या पेशींवर हार्मोनचे आणि हर-टू नावाचे रिसेप्टर आहेत का ते सांगणारा, अजून यायचाय, असं दिसतं. तो येईपर्यंत ऑपरेशनची तारीख घेऊ नका. दोन सेंटिमीटरच्या वरची गाठ आणि तिन्ही रिसेप्टर निगेटिव्ह किंवा हर-टू पॉझिटिव्ह, असं निघालं तर बऱ्याचदा केमो आधी देतात आणि ऑपरेशन नंतर. तसं ठरलं तर पुढचं नीट वाचा.

काही वर्षांपूर्वी जुन्नरकडच्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. दुसरीकडे केमो झाला होता आणि इतका छान लागू पडला होता की गाठ विरघळून गेली होती. घरी पेढे वाटलेले. सर्जन त्यांना घेऊन स्वतः माझ्या सोनोग्राफीच्या खोलीत आले, आणि आम्ही दोघं पाऊण तास शोधत बसलो. गाठ होती तिथे काढायचं, पण होती कुठे? केमोच्या आधी त्या जागी खुणेची क्लिप बसवायला कुणी सुचवलंच नव्हतं. जुना रिपोर्ट म्हणत होता 10 वाजता, सर्जनच्या चिठ्ठीवर होतं 11. बाई विचारत होत्या, "गेली ना? मग काय शोधताय?" शेवटी अंदाजाने, लागणार होता त्याहून बराच मोठा भाग काढावा लागला. ती क्लिप तिळाएवढी असते, सुईतून सोडतात. खास मार्कर परवडत नसेल तर ऑपरेशनमधली साधी टायटॅनियमची क्लिपही सोनोग्राफीखाली बसवतात आणि चालते. तर केमो आधी ठरला, तर पहिल्या सलाइनच्या आधी क्लिप. काखेतली गाठ बाधित निघाली तर तिच्यातही घालायची का, ते विचारून घ्या.

मग जाऊबाईंचं "काढूनच टाका." मला या वाक्याचा राग येत नाही. चार चार मशीनखालून गेलेल्या बाईला एकदाचं संपवावंसं वाटणारच. पण हे बोलताना त्या जर असं समजत असतील की सगळा स्तन काढला म्हणजे जगण्याची हमी जास्त, तर ते खरं नाही. इटलीतल्या मिलानचा आणि अमेरिकेतला, असे दोन मोठे अभ्यास वीस वर्षं चालले आणि 2002 साली एकत्रच छापून आले. गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायका वीस वर्षांनी सारख्याच प्रमाणात हयात होत्या. गाठच काढली तर रेडिएशन टाळता येत नाही, हे मात्र धरून चाला. रोज धायरीहून जा-ये, सिंहगड रोडचा ट्रॅफिक, काही आठवडे. हे सगळं ऐकूनही त्या म्हणाल्या की मला काढायचंच आहे, तर तो त्यांचा अधिकार आहे. तसं ठरलं तर डाव्या बाजूच्या एमआरआयचं महत्त्व पुष्कळ कमी होतं, उजवीकडचा प्रश्न तेवढा राहतो. मॅमोग्राफी स्वच्छ असलेल्या 969 बायकांच्या दुसऱ्या बाजूला एमआरआयने 30 कॅन्सर शोधले होते, असा 2007चा एक अभ्यास आहे. शंभरात तीन. त्यासाठी करायचा की नाही हे त्यांनी सर्जनशी बोलून ठरवावं.

एक विचारते, रागावू नका. केसपेपरवर "घरात कुणाला कॅन्सर?" या रकान्यात "नाही" लिहिलंय. ते कुणी सांगितलं? बाईबरोबर सासरची माणसं येतात आणि माहेरची हिस्टरी तीच सांगून मोकळी होतात. जाऊबाईंची मावशी, आत्या, आजी, वडिलांकडचीही बाजू विचारा. स्तनाचा आणि अंडाशयाचाही. पन्नाशीच्या आतला कॅन्सर आहे, तेव्हा जनुकांची तपासणी करायची का हा प्रश्न तसाही निघेल. त्याचं उत्तर आलं तर एमआरआयच काय, ऑपरेशनचा सगळा बेतच बदलू शकतो.

गाठच काढायची ठरलं आणि कणांची वाटही काढायची असली, तर ऑपरेशनच्या दिवशी सकाळी जाऊबाईंना परत आमच्या एक्स-रेच्या खात्यात आणतील. त्याची आधी कल्पना द्या, नाहीतर "परत मशीन?" म्हणून रडू येतं. कण हाताला लागत नाहीत, तेव्हा जागा बधिर करून सुईतून केसाएवढी बारीक तार आत सोडतात; टोकाला आकडा असतो, तो तिथे अडकून बसतो. भाग लांब असेल तर दोन्ही टोकांना एकेक. बाहेर राहिलेलं तारेचं टोक हलू नये म्हणून आमच्याकडे त्यावर चहाचा कागदी कप पालथा घालून चिकटपट्टी लावायचे. हिरवा गाऊन, छातीवर कागदी कप, अशा अवतारात बायका स्ट्रेचरवर चक्क हसायच्या. मग ऑपरेशन सुरू असताना, बाई भुलीखाली असताना, काढलेला तुकडा आमच्याकडे एक्स-रेला येतो. त्याला दोन टाके घातलेले असतात: आखूड टाका वरच्या बाजूला, लांब टाका बाहेरच्या, काखेकडच्या. त्यावरून आम्ही सांगतो, "कण आतल्या कडेपर्यंत आलेत, तिकडून अजून थोडं घ्या," आणि सर्जन तिथल्या तिथे घेतात. पुढे पॅथॉलॉजीत तुकड्याला बाहेरून शाई लावतात आणि कॅन्सरच्या पेशी शाईला टेकल्यात का ते बघतात. गंमत म्हणजे स्तनाच्या एक्स-रेची सुरुवातच काढलेल्या स्तनांपासून झाली. बर्लिनमधल्या आल्बर्ट सालोमन नावाच्या सर्जनने अशा सुमारे तीन हजार स्तनांचे एक्स-रे काढून त्यांत काय दिसलं ते 1913 साली छापलं. ते बारीक कण त्यालाही दिसले होते. त्यांचा अर्थ लागायला पुढे कित्येक वर्षं गेली, आणि तुमच्या फाइलीत ते अजून सातव्या ओळीत पडून आहेत.

या सगळ्यात दोन-तीन आठवडे गेले तर बिघडत नाही. महिने घालवू नका. खर्चाचं टेन्शन असेल तर हॉस्पिटल महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का ते बघा. असेल तर तिथे आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा आणि कोणती तपासणी योजनेत बसते ते तिथेच विचारा.

सोमवारी नुसते कागद नेऊ नका. मॅमोग्राफीच्या मूळ फिल्म आणि सीडी न्या, आधी कधी मॅमोग्राफी झाली असेल तर तीही. कण दोन वर्षांपूर्वीही तसेच असतील तर निम्मी काळजी तिथेच मिटते. आणि कृपा करून सोनोग्राफीचे फोटो लॅमिनेट करू नका. आपल्याकडे जपून ठेवायचं म्हणजे लॅमिनेट करायचं अशी पद्धत आहे, पण तो थर्मल कागद असतो, गरम रोलरमधून गेला की ठार काळा पडतो. असे काळे पाट मला लोकांनी मोठ्या अभिमानाने दाखवलेत.

पत्र लिहिल्याचं जाऊबाईंना माहीत नाही म्हणता. सांगून टाका, हवं तर हेच वाचून दाखवा. सर्जनच्या केबिनमध्ये दोनच खुर्च्या असतात. त्यातली एक जाऊबाईंची आणि दुसरी त्या म्हणतील त्याची. दीर-नणंदा बाहेर बसल्या तरी चालतील. सातवी ओळ जाऊबाईंच्याच बोटाने दाखवू द्या.

एमआरआय ठरलाच तर आधी क्रिएटिनिनची, म्हणजे किडनीची, रक्ततपासणी लागेल, अंगात पेसमेकर किंवा जुनी क्लिप असेल तर आधी सांगायचं. मंगळसूत्र, बांगड्या तिथेही निघतात. जोडवी मात्र आदल्या रात्रीच काढून ठेवायला सांगा. वीस-बावीस वर्षं न काढलेली असतात, आणि ऐनवेळी बाथरूममध्ये साबण लावून ओढाताण केली की बोट सुजतं आणि ती तिथेच अडकून बसतात.